संघ हरतो तेव्हा कोणी जायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेचा दहावीचा निकाल घसरला की गावात पहिली मागणी होते ती मुख्याध्यापक बदलण्याची. साखर कारखाना तोट्यात गेला की कार्यकारी संचालक बदला, नळाला आठ दिवस पाणी आलं नाही की मुख्याधिकारी बदला. मागणी करणाऱ्यांचा राग खोटा नसतो. पण रागाला एक चेहरा लागतो. शंभर कारणांवर रागावता येत नाही, एका माणसावर रागावता येतं. फुटबॉलच्या जगात हा एक माणूस आधीच ठरलेला आहे. इंग्लंडमध्ये त्याला मॅनेजर म्हणतात, आपल्याकडे कोच किंवा प्रशिक्षक. संघ चार सामने ओळीनं हरला की प्रेक्षक त्याच्या नावानं शिमगा सुरू करतात.

हिंगोलीचा आणि फुटबॉलचा काय संबंध, असं कोणी विचारील. आमचा जिल्हा हळदीचा, सोयाबीनचा, कापसाचा. मैदानावर पोरं दिसली तर हातात बॅट असते. पण मोबाइल आल्यापासून मध्यरात्री उठून इंग्लंड-स्पेनचे सामने पाहणारी मुलं आमच्याही गल्लीत तयार झाली आहेत. सकाळी हॉटेलात चहाबरोबर त्यांचा वाद सुरू होतो. 'चाचा, तुम्हीच सांगा, या कोचला आता काढायला पाहिजे का नाही?' असं मलाही मध्ये ओढतात. मी कविता लिहिणारा माणूस. खेळलो असेन तर शाळेच्या पटांगणात, तेही अनवाणी. पण त्या वादात मला एक गोष्ट जाणवली. कोच जावा की राहावा, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. कोच नेमकं काय करतो, हे मात्र कोणी सांगत नव्हतं. म्हणून आपण तिथूनच सुरुवात करू.

कोचच्या हातात किती असतं?

क्रिकेटमध्ये दर षटकानंतर विचार करायला सवड असते. कर्णधार क्षेत्ररक्षण बदलतो, गोलंदाज बदलतो. फुटबॉलमध्ये शिट्टी वाजली की पंचेचाळीस मिनिटं खेळ थांबत नाही. कोच पांढऱ्या रेषेबाहेर उभा राहून ओरडू शकतो, आणि आजच्या नियमाप्रमाणे पाच खेळाडू बदलू शकतो. एवढंच. त्याचं खरं काम सामन्याच्या आधीच्या आठवड्यात झालेलं असतं. पंचवीस-तीस जणांतून अकरा निवडायचे, कोणी कुठं उभं राहायचं ते ठरवायचं, चेंडू आपल्याकडे असताना काय करायचं आणि नसताना काय करायचं याचा सराव घ्यायचा. राखीव बाकावर बसलेल्यांची मनं सांभाळायची. तालमीतल्या वस्तादासारखंच हे काम आहे. कुस्ती पठ्ठ्या लढतो, पण डाव वस्तादानं घोटून घेतलेला असतो.

आता त्याच्या हातात काय नसतं, तेही पाहा. क्लबकडे पैसे किती, हे मालक ठरवतो. कोणता खेळाडू विकायचा, हेही पुष्कळदा मालकच ठरवतो. मुख्य खेळाडूचा गुडघा कधी दुखावेल, चेंडू खांबाला लागून आत जाईल की बाहेर, हे कोणाच्याच हातात नसतं. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. एकच गोल सामन्याचा निकाल फिरवतो. त्यामुळे या खेळात दैवाचा वाटा इतर पुष्कळ खेळांपेक्षा मोठा असतो. चांगला खेळणारा संघही लागोपाठ तीन-चार सामने हरू शकतो.

मुंबई एफसीची गोष्ट

या सगळ्याचा आपल्या महाराष्ट्रातला धडा म्हणजे मुंबई एफसी. आजच्या मुंबई सिटी एफसीशी याची गल्लत करू नका. मुंबई एफसी हा २००७ साली स्थापन झालेला, पिवळ्या गणवेशाचा क्लब. श्रीमंती नव्हती. कूपरेज मैदानाची दुरुस्ती सुरू असताना मुंबईच्या या संघाला आपले 'घरचे' सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. घर मुंबईत आणि अंगण पुण्यात, अशी अवस्था. २००९ पासून या संघाचे प्रशिक्षक होते खालिद जमील. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया अशा मुंबईच्या संघांकडून खेळलेला हा माणूस. बोलणं कमी, शिस्त कडक.

खालिद जमील सात हंगाम तिथं राहिले. भारतीय फुटबॉलमध्ये, जिथं कोच हंगामाला बदलतात, तिथं ही फार मोठी मुदत. या काळात संघानं राष्ट्रीय लीग जिंकली नाही. पण तो खालच्या विभागातही कधी गेला नाही. लीगचा नियम असा की शेवटी राहणारा संघ खालच्या विभागात ढकलला जातो आणि तिथून वर येता येता क्लबचं दिवाळं निघू शकतं. कमी पैशांत वरच्या विभागात टिकून राहणं हीच त्या क्लबची दरवर्षीची लढाई होती. आधी गोल होऊ द्यायचा नाही, मग जमलं तर करायचा, अशी खालिद यांची रीत. बरोबरीत सुटणारे सामने पाहून प्रेक्षकाला कंटाळा येणं साहजिक होतं. तिकीट काढून आलेल्या माणसाला नुसतं टिकणं पुरत नाही, त्याला स्वप्नही हवं असतं. त्याचं चुकत नव्हतं.

२०१६ मध्ये क्लब आणि खालिद जमील यांची फारकत झाली. २०१६-१७ च्या हंगामासाठी संतोष कश्यप आले. हेही अनुभवी आणि मुंबईतलेच. संघ घसरू लागला, तेव्हा हंगामाच्या मध्येच त्यांनाही जावं लागलं आणि स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले. एका हंगामात दोन कोच झाले. हंगाम संपला तेव्हा मुंबई एफसी तक्त्यात तळाला होता. तो खालच्या विभागात गेला, आणि त्यानंतर त्या क्लबचा मुख्य संघ पुन्हा उभा राहिलाच नाही.

त्याच हंगामात खालिद जमील कुठं होते? मिझोरमच्या ऐझॉल एफसीत. हा क्लब आदल्या वर्षी खालच्या विभागात ढकलला गेला होता. गोव्याचे क्लब स्पर्धेतून बाहेर पडल्यामुळे त्याला परत जागा मिळाली होती. २०११ च्या जनगणनेत मिझोरमची लोकसंख्या सुमारे ११ लाख, म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यापेक्षा थोडी कमीच. मुंबईत खेळलेले आशुतोष मेहता, जयेश राणे असे खेळाडू त्यांच्या संघात होते. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला शेवटचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि ऐझॉल ३७ गुणांवर भारताचा विजेता झाला. मोहन बागान ३६ गुणांवर राहिला. ईशान्येकडच्या क्लबनं राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. ज्यांच्या खेळाला मुंबईत लोक कंटाळले होते, त्यांनी डोंगरातल्या छोट्या शहराला देशाचं विजेतेपद मिळवून दिलं, आणि मुंबईचा तो क्लब संपला.

इथं थांबलो तर गोष्ट फार सोपी होईल. 'पाहा, कोचला घालवलं आणि वाटोळं झालं' असं म्हणून मोकळं होता येईल. पण पुढचंही पाहू. ऐझॉलनंतर खालिद जमील कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. तिथं पैसा जास्त, प्रेक्षक लाखांनी, पण विजेतेपद नाही. एकाच हंगामात तो संसार आटोपला. पुढं २०२०-२१ च्या हंगामात नॉर्थईस्ट युनायटेड संघ अडखळत असताना मधूनच सूत्रं त्यांच्याकडे आली आणि संघ न हरता बाद फेरीपर्यंत पोचला. दुसऱ्या वर्षी त्याच क्लबचा पूर्ण हंगाम त्यांच्या हाती होता आणि संघ अकरांत दहावा आला. माणूस तोच, डोकं तेच, शिस्त तीच. म्हणजे निकाल एकट्या कोचच्या मुठीत नसतो. बी चांगलं असलं तरी रान कसं, पाऊस कसा, यावर पीक ठरतं.

काढल्यावर संघ जिंकतो, तो का?

आता मुलांचा एक मुद्दा मला मान्य करावा लागतो. पुष्कळदा असं दिसतं की कोच बदलला आणि संघ लगेच जिंकायला लागला. हे डोळ्यांनी दिसतं, मग खोटं कसं म्हणायचं?

यासाठी आपल्याकडचा एक अनुभव आठवा. पाऊस लांबला की गावात धोंडी काढतात. आम्ही मुसलमान ईदगाहवर जाऊन पावसासाठी नमाज पढतो. मी श्रद्धेची थट्टा करत नाही. दुष्काळात आभाळाकडे हात उचलण्यातलं दुःख मला कळतं. पण हे केव्हा घडतं ते बघा. पहिल्या आठवड्यात कोणी धोंडी काढत नाही. महिना कोरडा गेला, पेरण्या मोडायची वेळ आली, की मगच काढतात. म्हणजे ओढ सर्वांत मोठी झालेली असते तेव्हा. आणि पावसाळ्यात एवढ्या मोठ्या ओढीनंतर पाऊस येण्याचाच संभव जास्त असतो. फुटबॉलमध्ये कोचही तेव्हाच काढला जातो, जेव्हा संघ आपल्या नेहमीच्या पातळीच्या खूप खाली गेलेला असतो. तिथून बरेचदा वर यायचंच असतं. नवा माणूस येतो, संघ सावरतो आणि श्रेय त्याला जातं.

नेदरलँड्समध्ये १९८६ ते २००४ या काळातल्या पहिल्या श्रेणीच्या लीगचा असा हिशेब मांडला गेला. अभ्यासकानं दोन प्रकारचे संघ समोर ठेवले. एका प्रकारात वाईट निकालांनंतर कोच काढला गेला होता. दुसऱ्यात तेवढेच वाईट निकाल लागूनही कोच कायम राहिला होता. दिसलं असं की दोन्ही प्रकारचे संघ जवळपास सारखेच सावरले. म्हणजे सावरण्याचं कारण कोच बदलणं हे नव्हतं.

याचं आपल्या जवळचं उदाहरण मुंबई सिटी एफसीचं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये गोव्यानं या संघाला ५-० असं धुतलं. प्रशिक्षक होते पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा, हंगाम नुकताच सुरू झालेला. असा पराभव झाला की खुर्ची हलते. ती हलली नाही. त्यानंतर संघ ओळीनं नऊ सामने हरला नाही आणि उपान्त्य फेरीत पोचला. तिथं पुन्हा गोव्यानंच हरवलं, ही गोष्ट वेगळी. पण त्या ५-० च्या रात्री कोच काढला असता, तर पुढच्या नऊ सामन्यांचं श्रेय आपण सगळ्यांनी नव्या माणसाला दिलं असतं.

गोव्याचा उलटा अनुभव

कोच कधीच काढू नये, असं मात्र मी म्हणत नाही. गोव्याची गोष्ट त्यासाठी ऐकण्यासारखी आहे. एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी गोवेकरांना आवडेल असा, चेंडू पायात खेळवणारा, भरपूर गोल करणारा संघ उभा केला होता. संघ अव्वल स्थानासाठी झुंजत होता. साखळीचे फक्त तीन सामने राहिले होते, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी क्लबनं लोबेरा यांना निरोप दिला. हरणाऱ्या कोचला काढतात हे ठाऊक होतं, जिंकणाऱ्याला काढलेलं पाहून प्रेक्षक चक्रावले. सूत्रं आली गोव्याचेच माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे. उरलेले तिन्ही सामने संघानं जिंकले, साखळीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. कोच गेल्यानं त्या महिन्यात काही बिघडलं नाही. बसलेली घडी चार-सहा आठवड्यांत मोडत नाही.

आणि लोबेरा? ते मुंबई सिटीकडे आले. २०२०-२१ मध्ये मुंबईनं उपान्त्य फेरीत पेनल्टीवर गोव्यालाच हरवलं. १३ मार्च २०२१ रोजी गोव्याच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना २-१ असा जिंकून मुंबईनं साखळी आणि करंडक दोन्ही घेतले. क्लबच्या कार्यालयात काय बोलणं झालं होतं, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. कळतं ते एवढंच की, कोच घालवताना तो उद्या कोणाच्या तंबूत जाईल, याचाही विचार करावा लागतो.

मग कसं ठरवायचं?

आमच्या गल्लीतल्या मुलांना मी चार प्रश्न सांगतो. पहिला, संघ हरतो आहे की वाईट खेळतो आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोलाच्या संधी तयार होत असतील आणि चेंडू खांबाला लागत असेल, तर थांबावं. संधीच तयार होत नसतील, तर काळजी करावी. दुसरा, खेळाडू अजून त्याचं ऐकतात का? कोचचा शब्द खेळाडूंच्या मनातून उतरला, की तो कितीही हुशार असला तरी त्याचं काम संपलं. अशा वेळी त्याला ठेवणं हे त्याच्यावरही अन्याय करणं आहे. तिसरा, त्याच्या जागी येणारा कोण? नाव तयार नसताना काढलेला कोच म्हणजे नवी विहीर लागायच्या आधी बुजवलेली जुनी विहीर. आणि चौथा प्रश्न सर्वांत अवघड: दोष कोचचा की त्याला नेमणाऱ्यांचा? एखाद्या क्लबमध्ये पाच वर्षांत पाच कोच आले आणि पाचही नापास झाले, तर परीक्षा घेणाऱ्याकडे बघायला हवं.

वेळेचाही हिशेब असतो. वसमतच्या शेतकऱ्याला हळद नऊ महिन्यांची असते हे सांगावं लागत नाही. चौथ्या महिन्यात गड्डा उकरून 'अजून पोसला नाही' म्हणणाऱ्याला तो वेड्यात काढील. पण नवव्या महिन्यात पानं वाळल्यावरही जो खणत नाही, तोही शहाणा नव्हे.

हा वाद २०२५ मध्ये साऱ्या देशाच्या दारात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. तेरा वर्षांनी त्या खुर्चीवर भारतीय माणूस बसला. सप्टेंबरात मध्य आशियातल्या स्पर्धेत भारतानं ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा कौतुक झालं. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरनं २-१ नं हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशानंही १-० नं हरवलं. लगेच तोच प्रश्न सुरू झाला. पण हिशेब पुरा मांडा. या पात्रता फेरीतले पहिले दोन सामने आधीच्या प्रशिक्षकाच्या, मानोलो मार्केझ यांच्या काळात झाले होते, आणि त्यात बांगलादेशाशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून हार पदरी पडली होती. शिवाय त्या वर्षी आयएसएलचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. खेळाडूंना खेळायला लीग नाही आणि कोचकडे गोल मागायचे, हे नांगरणीशिवाय पीक मागण्यासारखं झालं. खालिद यांच्या पदरी दोष नाहीच, असं नाही. सगळा दोष त्यांच्या पदरी घालून बाकीच्यांनी घरी जाऊ नये, एवढंच.

ही खुर्ची एके काळी आपल्या जुन्या हैदराबाद राज्यातल्या एका शिक्षकाकडे होती. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद राज्यात. सय्यद अब्दुल रहीम त्यांचं नाव, सगळे 'रहीमसाब' म्हणत. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. १९५१ मध्ये त्यांच्या हाताखाली भारतानं आशियाई सुवर्णपदक मिळवलं. दुसऱ्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं हरवलं. दहा गोल! पण त्या पराभवानं रहीमसाहेबांचं नाव कायमचं खोडलं गेलं नाही. पुष्कळ भारतीय खेळाडू तोवर अनवाणी खेळत असत. त्यानंतर पायात बूट आले, सराव बदलला, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांचाच संघ चौथा आला.

१९६२ मध्ये जकार्ताला आशियाई स्पर्धेतला पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगानं पोखरले होते. बचावात खेळणाऱ्या जर्नेलसिंगच्या डोक्याला मध्येच जखम झाली. रहीमसाहेबांनी त्याला टाके घातलेल्या डोक्यानिशी पुढच्या फळीत उभं केलं. ४ सप्टेंबरला अंतिम सामना पुन्हा त्याच कोरियाशी झाला. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारत २-१ नं जिंकला. पुढच्या वर्षी जूनमध्ये रहीमसाहेब गेले. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्णपदक त्यानंतर भारताला पुन्हा मिळालेलं नाही.